वचन पंधरावर थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मुलांवरच्या संस्कारांविषयीचा लेख वाचला. मोबाइलबद्दल आणि आजी-आजोबांबद्दल लेखिकाबाईंनी लिहिलेलं सगळं पटलं. शेवटाकडे मात्र सर्व धर्मांचे दाखले देताना त्यांनी बायबलमधलं एक वाक्य घेतलं आहे: 'तो दही व मध खाईल, म्हणजे त्याला वाईट टाकणं आणि चांगलं निवडणं कळेल.' सात्त्विक आहाराने बुद्धी सात्त्विक होते हे ख्रिस्ती ग्रंथालाही मान्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने त्याला मधुपर्काची, म्हणजे पाहुण्याला द्यायच्या दही-मधाची, जोड दिली. तिसऱ्या आठवड्यात कुणी पंचामृतापर्यंत पोचायच्या आत हे पत्र टाकतो आहे.

मी काही पंडित नाही. दूध संघात ३१ वर्षं काढली. आधी संकलन केंद्रावर फॅट काढायला, मग पाथर्डी भागातल्या रूटवर पर्यवेक्षक. लॅक्टोमीटर, किटल्या आणि आंबलेल्या कॅनचा वास यांत हयात गेली. दुसरं काम बिनपगारी आणि अजून चालू आहे: आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत दर रविवारी मुलांना शिकवणं. तेव्हा दही आणि बायबल जिथे एकत्र येतात त्या वाक्यावर बोलायचा थोडा हक्क माझाही आहे असं समजा.

आधी कबुली देतो. लेखिकाबाईंनी एकदा केलेली चूक मी जवळजवळ २० वर्षं केली. नाताळाच्या आधीच्या रविवारी मी घरून डबाभर घट्ट दही आणि मधाची बाटली न्यायचो. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायातलं चौदावं वचन, कुमारीला पुत्र होईल आणि त्याचं नाव इम्मानुएल ठेवतील हे, मुलांकडून पाठ करून घ्यायचं. मग पंधरावं वाचायचं आणि प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही, वर मधाचा थेंब. 'खा, म्हणजे चांगलं-वाईट कळेल!' मुलं हात चाटायची, पाळकसाहेब हसायचे, पालक खूश. चार वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीने हात चाटला, फ्रॉकला पुसला आणि विचारलं, "काका, मग आहाज राजाने लहानपणी दही खाल्लं नव्हतं का?"

पोरगी चेष्टा करत नव्हती. आहाजाची गोष्ट आदल्या रविवारी मीच सांगितली होती. यहूदाचा हा राजा विसाव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने स्वतःच्या मुलाचा अग्नीत होम केला, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात आहे. राजवाड्यात वाढलेला मुलगा. त्याला दह्यादुधाचा काय तोटा असणार? चांगलं-वाईट मात्र कळलं नाही. मी "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन सातवा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. इतकी वर्षं त्यातली दोनच वचनं मी चिमट्याने उचलत होतो.

प्रसंग इ.स.पू. ७३५-७३४ च्या सुमाराचा, यहूदाची राजधानी यरुशलेम इथला. उत्तरेकडे दोन राजांनी हातमिळवणी केली आहे: दिमिष्कात (दमास्कसमध्ये) बसणारा अरामाचा रसीन आणि शोमरोनात (समारियात) बसणारा इस्राएलाचा पेकह. आहाजाला काढून आपल्या मर्जीतला माणूस यरुशलेमात बसवायचा त्यांचा बेत आहे. बातमी येते तेव्हा राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हलतं. यशया राजाला भेटतो ते ठिकाणही नेमकं दिलंय: वरच्या तळ्याच्या नळाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर. वेढा पडला तर पाणी किती दिवस पुरेल हे बघायला राजा तिथे गेला असावा, असं मला वाटतं. पाथर्डीसारख्या दुष्काळी भागात राहिलेल्या माणसाला पाण्याची काळजी लगेच ओळखू येते. यशयाबरोबर त्याचा मुलगा आहे, शआर-याशूब, म्हणजे 'अवशेष परत येतील'. बाप मुलाला असं नाव ठेवतो तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला दिसत असलं पाहिजे. फक्त अवशेष.

यशया म्हणतो, घाबरू नको, हे दोघे म्हणजे धुमसणाऱ्या कोलितांची थोटकं. चुलीतून लाकूड ओढल्यावर त्याचं टोक धूर फार करतं, पण त्यावर भाकरी भाजत नाही, तसं. तो राजाला सांगतो, देवाजवळ हवं ते चिन्ह माग. आहाज साळसूदपणे उत्तरतो, छे, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. ऐकायला केवढं भक्तिभावाचं! पण त्याचा ओढा दुसरीकडेच होता. पुढे त्याने देवळातलं आणि राजवाड्यातलं सोनं-रुपं काढून अश्शूर (असिरिया) या त्या काळच्या महासत्तेचा राजा तिग्लथ-पिलेसर याला पाठवलं आणि सोबत निरोप दिला: मी तुमचा दास, तुमचा पुत्र. गल्लीतल्या दोन गुंडांच्या भीतीने त्याने दरोडेखोरांच्या म्होरक्याला घरात बोलावलं.

या राजाला यशया चिन्ह देतो ते बाळाचं. नाताळाच्या कार्डावर चौदावं वचन असतं, मत्तयाच्या शुभवर्तमानातही पहिल्या अध्यायात तेवढंच उतरवलेलं आहे, आणि तो पुत्र म्हणजे येशू ही ख्रिस्ती श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. त्यात मी इथे शिरत नाही. माझी गाडी पंधराव्यावर अडली होती, आणि ती सोळाव्याने पुढे ढकलली. तिथे म्हटलंय की मुलाला वाईट टाकणं आणि चांगलं निवडणं कळू लागण्यापूर्वीच, ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा देश उजाड होईल.

म्हणजे ही मुदत आहे. आपल्याकडे नाही का म्हणत, पोराला दात यायच्या आत कर्ज फिटेल, पोरगी चालायला लागायच्या आत घर बांधून होईल! लागूनच आठव्या अध्यायात यशयाच्या आणखी एका मुलाचा जन्म आहे, आणि तिथे तर उघडच लिहिलंय की हा पोरगा 'बाबा', 'आई' म्हणायला शिकण्यापूर्वी दिमिष्काची संपत्ती आणि शोमरोनाची लूट अश्शूरचा राजा घेऊन जाईल. घरोघरी घड्याळं नव्हती, दिनदर्शिका नव्हत्या. वाढतं मूल हेच वर्ष मोजायचं माप.

मुदत किती वर्षांची, यावर जाणकारांत दोन मतं आहेत, आणि मला तर हा वादच गोड वाटतो. हिब्रूत 'वाईट' आणि 'चांगलं' हे शब्द नीतीलाही लागतात आणि चवीलाही. दावीद राजाच्या गोष्टीत ऐंशी वर्षांचा म्हातारा बर्जिल्लय राजाला म्हणतो, मला आता बरंवाईट कळतं का? खातो-पितो त्याची चव तरी कळते का? एकाच श्वासात दोन्ही. तसं घेतलं तर वाईट टाकणारं मूल म्हणजे कडू औषध थुंकून गुळाचा खडा मागणारं, दोन-अडीच वर्षांचं. दुसऱ्या मताप्रमाणे हे जबाबदारीचं वय आहे; यहुदी परंपरेत पुढे मुलासाठी तेरावं वर्ष ठरलं. आणि इतिहास काय म्हणतो? दिमिष्क पडलं इ.स.पू. ७३२ मध्ये, त्या भेटीनंतर दोन-तीन वर्षांनी. शोमरोन पडलं ७२२ मध्ये, बारा-तेरा वर्षांनी. औषध थुंकणारं मूल मोजा नाही तर मिसरूड फुटू लागलेला पोरगा मोजा, दोन्ही मापं भरतात.

आता मधला सांधा: 'दही खाईल, म्हणजे कळेल' की 'कळू लागेल तेव्हा दही खाईल'? लेखिकाबाईंनी बहुधा इंग्रजीवरून घेतलं असावं. १६११ सालच्या जुन्या इंग्रजी बायबलात 'कळावं म्हणून' असाच अर्थ आहे आणि त्याच्याही आधीच्या लॅटिन भाषांतरात तोच. मूळ हिब्रूत क्रियापदाला फक्त 'ल' हा उपसर्ग लागलेला आहे. त्यातून हेतूही निघतो, वेळही निघते. आमच्या निवृत्त पाळकसाहेबांनी हे मला मराठीतूनच समजावलं: 'तो शिकायला गेला' यात शिकणं हा हेतू; 'त्याला शिकायला दोन वर्षं लागली' यात काळ. शब्द तोच, 'शिकायला'. संदर्भ बघितल्याशिवाय काय कळणार? आणि संदर्भ सोळाव्या वचनात मुदतीचा आहे. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात 'तेव्हा' असंच आहे. मी वीस वर्षं 'तेव्हा' वाचत होतो आणि 'म्हणून' शिकवत होतो.

मराठी भाषांतरकारांचं आणखी एका गोष्टीसाठी कौतुक. त्या जुन्या इंग्रजीत तिथे लोणी आहे. मूळ शब्द 'खेमा' असा काहीसा उच्चारतात. अब्राहामाने झाडाखाली पाहुण्यांपुढे दुधाबरोबर हेच ठेवलं होतं. कातड्याच्या मशकीत घुसळलेलं, आंबट, दही आणि लोणी यांच्या मधलं काहीतरी. मराठीत त्याला 'दही' केलं, ते माझ्यासारख्या दूधवाल्याला अगदी पटतं. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर केलं आणि मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते छापलं, ते उगाच नाही. असे शब्द तोलायला स्वयंपाकघर माहीत असावं लागतं.

पण मग दही आणि मधच का? भाकर का नाही? माझं खरं अडलं ते इथे, आणि उत्तर त्याच अध्यायात सात ओळी खाली होतं, अश्शूर यहूदावरही चालून येईल असं सांगणाऱ्या वचनांच्या पाठोपाठ. त्या दिवसांत माणूस एक कालवड आणि दोन मेंढ्या पाळील, त्या इतकं दूध देतील की तो दही खाईल. देशात जे कोणी उरतील ते सगळे दही आणि मध खातील. 'उरतील' हा शब्द वाचला आणि मला एकदम एक वस्ती आठवली.

गर्भगिरीच्या डोंगरातली वस्ती, १९९० च्या दशकातली गोष्ट. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी लागायची आणि कोयते ऊसतोडीला कारखान्यांकडे निघायचे. आमच्या भागात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. त्यांच्याबरोबर बैल, लेकरं, कोंबड्यासुद्धा जायच्या. मागे म्हातारी माणसं. दूध घटलं म्हणून संघाने तिथला फेरा बंद केला होता आणि मी संघाचे रिकामे कॅन मोजून आणायला गेलो होतो. ऊन टळटळीत. एका घराच्या ओट्यावर आजी आणि सहा-सात वर्षांचा नातू. दारात एक गावरान गाय, दोन शेळ्या. ही संख्या मी वचनाशी जुळवून घेतलेली नाही. शेळ्या होत्या, मेंढ्या नव्हत्या, आणि मध तर नव्हताच. खोटं कशाला लिहू?

आजीने जर्मनच्या ताटलीत दही आणलं, चांगलं कवडी पडलेलं. मी म्हटलं, आजी, एवढं? ती म्हणाली, "खा भाऊ. भाकर न्हाई वाढता येत. चक्कीवाला बी तोडीला गेला. जात्यावर वढायचं आता हातात न्हाई. तुमची गाडी येईना, मंग दूध नासवायचं का? इरजण लावते. सकाळी दही, रातच्याला दही. त्वांड आंबलं आमचं."

गाय इतकं दूध कशी देते, विचारलं. "सगळ्यांची रानं मोकळी पडल्यात, कुठं बी चरती. आडवणारं हाय कोण?"

मी तेव्हा दही खाल्लं, कॅन मोजले, आलो. रजिस्टरमध्ये 'कॅन ११, झाकणं ९' लिहिलं. पुढे पंचवीस वर्षं त्या दह्याचा आणि यशयाच्या दह्याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि दर नाताळात मी मुलांच्या हातावर मेजवानी म्हणून तेच वाढत राहिलो.

आता तेवीस ते पंचवीस ही वचनं वाचा. जिथे हजार रुपयांच्या हजार द्राक्षवेली होत्या तिथे काटेकुटे माजतील. रुपये म्हणजे अर्थात चांदीचे शेकेल, तिकडचं त्या काळचं वजन. माणूस धनुष्यबाण घेतल्याशिवाय तिकडे जाणार नाही. कुदळीने खणून कसलेल्या टेकड्यांवर गुरं सोडतील, मेंढरं तुडवतील. पेरणारा नाही म्हणून धान्य नाही. धान्य नाही म्हणून भाकर नाही. रान मोकळं म्हणून चारा भरपूर, खाणारी तोंडं थोडी म्हणून दूध उरतं, झुडपं माजली म्हणून मोहोळं लागतात. आजीच्या ओट्यावरचाच हिशेब. काही भाष्यकार दही-मध हे समृद्धीचं अन्न मानतात, कारण बायबलात 'दुधामधाचा देश' ही वचनदत्त भूमीची ओळख आहे. असेल, तेच अन्न सुगीत मेजवानीचं असतं आणि उजाड गावात नाइलाजाचं. पण ज्या अध्यायात पंधराव्याला 'दही व मध' आहे आणि बाविसाव्याला पुन्हा तेच दोन शब्द तसेच आहेत, तिथे पहिल्याचा अर्थ दुसऱ्याला विचारूनच ठरवायला हवा. वरच्या तळ्याशी राजाने जी निवड केली तिचे काटे त्या मुलाच्या वाट्याच्या शेतात उगवलेत, आणि त्याच रानात वाढताना त्याला काय टाकावं ते कळायचं आहे. म्हणून लेखिकाबाईंना माझी हरकत आहे. ते वचन मुलांच्या आहाराकडे बोट दाखवत नाही, राजाकडे दाखवतं. पालकांना हे वाक्य वाचून दाखवायचंच असेल तर आहाजाच्या जागी उभं राहून ऐकायला सांगा.

चांगलं-वाईट कशाने कळतं हे बायबल दुसरीकडे सांगतं, आणि तिथेही गंमत अशी की दूध आहे. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की दूध तान्ह्यांसाठी. जड अन्न प्रौढांसाठी, ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना वहिवाटीने चांगलं-वाईट ओळखायचा सराव झाला आहे. वहिवाट! शेतकऱ्याच्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून वर्षानुवर्षं पाय पडत राहिले की वाट होते. कागद नंतर येतो.

संकलन केंद्रावर असताना दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी किटली घेऊन यायचा. एकदा तो रांगेत उगाच मागे मागे सरकत राहिला. शेवटी पुढे आला तेव्हा मी लॅक्टोमीटर सोडायच्या आतच म्हणाला, "साहेब, नका लावू." वाटेत ठेच लागून दूध सांडलं होतं आणि घरी मार बसू नये म्हणून त्याने ओढ्यावर किटली भरून घेतली होती. मी तरी लावला, डिग्री २२, म्हणजे पाणी घातलेलं. दूध परत केलं. नियमच तसा होता, आणि मोठ्या माणसांच्या कॅनना मीच कधीकधी तो सैल सोडत होतो, हेही लिहून टाकतो. पाणी घालताना त्या मुलाला वाईट काय ते कळलं होतं की नाही? रांगेत मागे सरकताना नक्की कळलं होतं. हिब्रू वाक्यात क्रम 'वाईट टाकणं' आधी आणि 'चांगलं निवडणं' नंतर असा आहे. तो मुलगा अर्धं शिकून रांगेत उभा होता. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो.

त्या मुलीला पुढच्या रविवारी मी सांगितलं की आहाजाने दही नक्की खाल्लं असणार, आणि दह्याने काही होत नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही देता कशाला?" यावरही उत्तर नव्हतं. त्या वर्षीपासून दही बंद होतं.

यंदा पुन्हा नेणार आहे, मध न घेता. आधी सातवा अध्याय पहिल्या वचनापासून पंचविसाव्यापर्यंत मोठ्याने वाचायचा, परटाच्या शेतासकट, काट्यांसकट. मग त्या आजीची गोष्ट, आणि मग दही. आपल्या पुरवणीतही नाताळच्या सुमारास हा उतारा कुणी घेतलाच, तर कृपया तेवढा पूर्ण छापा, जागा फार लागत नाही. आमच्याकडे वाचायला तीच मुलगी उभी राहणार आहे. ती आता दहावीत आहे आणि तिने आधीच बजावलंय की वाचीन, पण दही खाणार नाही, मला आवडत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त दूध संघ कर्मचारी), अहिल्यानगर